बाबा आला

पिंपळवंडी,
१४ जुलै २००१

भिमाजी,

माझा जय भीम घे आणि तुझा राम राम दे. वीस वर्षं समोरासमोर हेच करत आलो, आता पत्रात वेगळं कशाला?

हात कसा आहे? बोटं वळायला लागली का? शिरा जुळायला सहा महिने जातील असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे पुढचा महिना. मी रोज मोजतो असं नाही, पण शेडमध्ये तुझे ब्रश डब्यात उभे आहेत. ते दिसले की आठवण होते. मधे एकदा रॉकेलमध्ये बुडवून साफ करून ठेवले.

तू गेल्या महिन्यात बेल्ह्याच्या बाजाराला येऊन गेलास म्हणे. गेणभाऊ दलालाने सांगितलं. बैल बघायला आला होता आणि न घेताच गेला, म्हणाला. घोडेगावावरून बेल्ह्याला जाणारी एसटी आपल्या शेडसमोरून जाते, भिमाजी. दोन्ही वेळा तू खिडकीतून शेड बघितली असणार. उतरला नाहीस, पाणीसुद्धा प्यायला नाहीस. तुझ्या फुलावहिनीला ते फार लागलं. मला नाही लागलं, माझी कातडी गेंड्याची आहे, तुला माहीत आहे.

कामाचं सांगतो. वनखात्याने चाळीस पाट्या दिल्यात. 'सावधान! या भागात बिबट्याचा वावर आहे.' अक्षरं माझी लिहून झाली. वर बिबट्याचं तोंड काढायचं आहे आणि ते माझ्याच्याने होत नाही. टेम्पोवर अक्षर नानाचं आणि चित्र भिमाचं, हे ठरूनच गेलेलं. वरची वीतभर जागा कोरी सोडली आहे. डाव्या हाताने काही जमतं का बघ. घाई नाही.

लोक अजून मला तीच गोष्ट सांगायला लावतात. तू ती माझ्या तोंडून ऐकली नाहीस, म्हणून लिहितो. फेब्रुवारीतली सकाळ, आपण दोघं उसाच्या कडेने पंपघराची भिंत रंगवायला निघालेलो. तू पुढे, मी मागे, माझ्या हातात नुकतीच पेटवलेली विडी. पन्नाशी आली तरी आमच्या म्हाताऱ्यासमोर मी विडी ओढत नाही, आणि म्हाताऱ्याला आम्ही बाबा म्हणतो, हे सगळ्या गावाला ठाऊक. तू थांबलास आणि हळूच म्हणालास, "बाबा आला." आता तुम्ही डोंगरातली माणसं वाघाचं नाव घेत नाही, त्याला बाबा म्हणता, हे मला काय माहीत! मला वाटलं म्हातारा आला. विडी फेकली आणि जी धूम ठोकली ती थेट डांबरी रस्त्यापर्यंत. मागून तुझं ओरडणं ऐकलं तेव्हा कळलं, की हा बाबा वेगळा. लोक पोट धरून हसतात. नाना बिबट्याला नाही भ्यायला, बापाला भ्यायला, म्हणतात. तुझ्या हाताचं मात्र सगळ्यांना वाईट वाटतं.

उत्तर पाठव. लंकावहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना


पिंपळवंडी,
२८ ऑक्टोबर २००१

भिमाजी,

साडेतीन महिने वाट बघितली. आहुप्यापर्यंत टपाल जातं एवढं मला माहीत आहे, कारण तुझ्या गावच्या शाळेचा बोर्ड मीच लिहिलाय आणि त्याचं पत्र टपालानेच आलं होतं.

बिबट्याचं तोंड शेवटी मी काढायला बसलो. पहिलं काढलं ते बघून फुला म्हणाली, हे शेजारच्या भागूचं मांजर का? दुसऱ्याला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं. मी ब्रशला नावं ठेवली, पत्र्याला नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं. पाच पाट्या खराब झाल्यावर वनखात्याच्या साहेबांनी पुण्याहून कापलेला साचा आणून दिला. साचा ठेवायचा, वरून काळा फवारा मारायचा, झालं काम. चाळीस पाट्यांवर चाळीस सारखी तोंडं. लोकांना भीती वाटली पाहिजे, साहेब म्हणाले.

भीती पाटीने वाटत नाही, एवढं मी या वर्षात शिकलो. बायका गवताला जाताना रेडिओ घेऊन जातात आणि बांधावर मोठ्याने लावून ठेवतात. चिमाबाई तर एकटी असली तरी दोघींचं बोलणं बोलते. आधी प्रश्न विचारते, मग आवाज बदलून स्वतःच उत्तर देते, म्हणजे उसातल्याला वाटावं की इथे माणसं आहेत. आधी आम्ही हसलो. आता पाच-सहा जणी तसंच करतात. मला त्यात एक गंमत वाटते. भित्रे म्हणून ज्यांना आपण ओळखत होतो ते व्यवस्थित काळजी घेऊन रानात जातात, आणि मिशीला पीळ देणारे कामाचं निमित्त काढून घरी बसतात. भीती कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही असा प्रश्नच नाही. ती सगळ्यांकडे असते. कोण तिला लपवतो आणि कोण बरोबर घेऊन फिरतो, एवढाच फरक.

एक विचारू? रागावू नकोस. तू 'वाघ' का नाही म्हणालास? एका शब्दाचा तर प्रश्न होता. ज्याच्याशी बोलतो त्याला कळेल असं बोलावं माणसाने. तू 'वाघ' म्हणाला असतास, तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. तुला दोष देत नाही. पण विचार डोक्यात येतो आणि आला की जात नाही, म्हणून लिहिलं.

तुझा,
नाना


पिंपळवंडी,
२० जानेवारी २००२

भिमाजी,

मागच्या पत्रातला तो शेवटचा प्रश्न मागे घेतो. पत्र पेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून काढावंसं वाटलं. पोस्टमन बघत होता म्हणून नाही घातला.

परवा येडगावला पिंजऱ्यात एक सापडला. धरणाकडच्या उसात. मी तिथे शाळेची भिंत रंगवत होतो, सगळं गाव धावलं तसा मीही गेलो. हजारभर माणूस असेल. झाडांवर, ट्रॅक्टरवर, एकमेकांच्या खांद्यांवर. पिंजरा रस्त्यापासून दहा पावलांवर. कुणी काठी आत घालून बघत होता, कुणी खडे मारत होता. ज्याच्या भीतीने सहा महिने लोकांना रात्री झोप नव्हती, त्याला बंद केल्याबरोबर सगळ्यांना जोर आला. मी बघत होतो, सगळ्यात मोठे खडे कोण मारतंय. जे सगळ्यात जास्त भ्यायले होते तेच. मला लाज वाटली आणि मी कुणाला थांबवलं नाही.

मग गर्दी थोडी हटली आणि मला तो नीट दिसला. भिमाजी, तू टेम्पोमागे वाघ काढायचास तेव्हा मी म्हणायचो की ठिपके भरून टाक, लवकर होईल. तू ऐकायचा नाहीस. आता कळलं का ते. ठिपका भरलेला नसतोच. एकेक ठिपका म्हणजे लिहिता लिहिता अर्धवट सोडलेला ठ, आणि आत जरा गडद पिवळा. एकही दुसऱ्यासारखा नाही. आणि शेपटीचं टोक एकटंच हळूहळू हलत होतं, तेव्हा बांधावर हलत होतं तसंच.

म्हणजे तू पंचनाम्यात बांधाचं सांगितलं होतंस, त्यावरून म्हणतो. ही ओळ खोडणार होतो, पण पेंटरने खोडाखोड करू नये.

तो कुणाकडेच बघत नव्हता. आपल्याला मारणाऱ्यांकडेही नाही. संध्याकाळी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. लोक घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी म्हणायला लागले, हा तो नव्हेच, तो अजून उसातच आहे.

पंपघराची भिंत अजून तशीच आहे. मालकाने दोनदा निरोप धाडला. मी जात नाही.

नाना


पिंपळवंडी,
१६ एप्रिल २००२

भिमाजी,

हे पत्र लंकावहिनींना वाचून दाखवणार असशील तर आधी एकटा वाच, मग ठरव.

परवा जयंती झाली. मंडळाचा फलक मी लिहिला, निळ्यावर पांढरं, चार फुटांची अक्षरं, कुणीही नाव ठेवणार नाही अशी. मिरवणूक परत आल्यावर मंडळाच्या पोरांनी माझ्या हातात माइक दिला आणि ती गोष्ट सांगा म्हणाले. मी सांगितली. विडी फेकल्याचा हातवारा करून, पळाल्याचा आवाज काढून. मांडवभर लोक हसले. पुढच्या रांगेत आमचे बाबा बसले होते, पांढरे कपडे घालून, काठी दोन पायांत धरून. ते हसले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

काल सकाळी चहा पिताना म्हणाले, "नाना, त्या दिशी मी गावात कुठं व्हतो? पहाटंच्या यष्टीला तूच मला बशिवलं व्हतं. जुन्नरला डोळं दाखवाय ग्येलो व्हतो मी."

मी म्हणालो, लक्षात नव्हतं. ते बरं म्हणाले आणि बशीतला चहा प्यायला लागले. काल दिवसभर मी एक अक्षर लिहू शकलो नाही.

भिमाजी, 'बाबा' म्हणजे कोण, हे मला माहीत होतं.

तुला आठवत असेल. त्याच्या दोन वर्षं आधी मी तुमच्याकडे भाताच्या काढणीला आलो होतो. वहिनी गोठ्यातून आल्या आणि म्हणाल्या, बाबा येऊन वासरू घेऊन गेला. मी विचारलं, कुणाचे बाबा? तू हसलास. मग मला गावाबाहेरचा, वाघाचा म्हणून शेंदूर लावलेला दगड दाखवायला नेलंस, आणि सांगितलंस की रानात त्याचं नाव घ्यायचं नाही, तो थोरला आहे, त्याला थोरल्यासारखंच बोलवायचं. रीतही सांगितलीस. दोघं असले तर एकमेकांना चिकटून उभं राहायचं, तोंड त्याच्याकडे ठेवायचं, पाठ दाखवायची नाही. थोड्या वेळाने तो आपण होऊन वाट सोडतो. मी मन लावून ऐकलं होतं. परत आल्यावर फुलालाही सांगितलं होतं.

आणि त्या सकाळी तू बोलायच्या आधीच मी त्याला बघितलं होतं. तो बांधावर बसला होता. ऊन नुकतंच उसावरून खाली उतरलं होतं आणि त्याच्या अर्ध्या अंगावर होतं. खरं सांगतो, आयुष्यात मी इतकं देखणं काही बघितलं नाही. हे फुलालाही कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बघितलं होतं हे कबूल झालं असतं. आधी तो देखणा दिसला. मग त्याने मान वळवून आपल्याकडे बघितलं आणि मला फक्त पळायची वाट दिसायला लागली. तू "बाबा आला" म्हणालास आणि मागे न बघता डावा हात मागे केलास, मी जवळ येऊन उभं राहावं म्हणून. तो हात मी बघितला. बघितला आणि पाठ दाखवून पळालो. पळणारा दिसला की जनावर झेप घेतं, हेही तूच सांगितलं होतंस. मधे तू होतास.

विडी खरी होती. बाकी काही खरं नाही.

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा बाहेर पोलीसपाटलाने विचारलं, तू कुठे होतास रे? माझ्या तोंडातून निघालं, मला वाटलं आमचा म्हातारा आला. तिथे उभ्या असलेल्यांपैकी एक जण हसला. इतक्या वाईट दिवशी कुणीतरी हसला म्हणून मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्याने विचारलं तेव्हा मी ते जरा नीट करून सांगितलं. तिसऱ्याला हातवाऱ्यांसकट. भित्र्याला लोक थुंकतात, पण वेंधळ्याला जवळ बसवून चहा पाजतात. मी वेंधळा झालो. फार सोपं होतं.

तुझा हात माझ्या पळण्यामुळे गेला. तू मला माफ कर असं लिहिणार नाही. एवढंच लिहायचं होतं, ते लिहिलं.

नाना


पिंपळवंडी,
२० मे २००२

भिमाजी,

काल घोडेगावला मला लंकावहिनी भेटल्या, त्यांनी तुला सांगितलंच असेल. हिरडा विकायला आल्या होत्या. मी एका दुकानाच्या शिडीवर चढून बोर्ड लिहीत होतो. खाली बघितलं तर त्या, डोक्यावर रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं. मी उतरलो.

मी विचारलं, माझी पत्रं पोचली का? सगळी पोचली, म्हणाल्या. तू त्यांना सगळी वाचून दाखवलीस, शेवटचंसुद्धा. मग मी तिथेच रस्त्यात, माणसं येत-जात होती तरी, त्यांना म्हणालो की वहिनी, मी पळालो, माझ्यामुळे झालं. वाटलं होतं, त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "तुमी पळालात, त्याचं यांना काय न्हाई, भाऊ. बाबा म्होरं बसल्यावं माणसाचं पाय माणसाचं ऐकत न्हाईत. ह्ये सोता दोनदा पळाल्यात. तुमाला ठावं हाय ह्येबी यांना पयल्यापासनं म्हाईत व्हतं. दगूड यांनीच दावला व्हता नव्हं?"

मग माझ्याशी बोलत का नाही, मी विचारलं.

"बेल्ह्याला बैल बघाय ग्येले व्हते. तितं माणसं मागनं वरडाय लागली, बाबा आला, बाबा आला. चहावाल्यानं यांनाच तुमची गोष्ट सांगितली, हसून हसून. ह्ये चहा तसाच ठिवून उठले. बैल न्हाई, काय न्हाई. घरी आल्यावं दोन दीस जेवले न्हाईत. आमी ज्याचं नाव घेत न्हाई, त्याच्या नावाचा तुमी बाजारात तमाशा केला." मग म्हणाल्या, "तुमच्यातबी बाबा म्हंत्यात ना, भाऊ? त्या नावाला कुणी असं हसलं असतं, तर तुमी काय केलं असतं?"

एवढं बोलून त्या एसटीला गेल्या. रागाने बोलल्या नाहीत, हे लिहून ठेवतो.

मी काय केलं असतं, हे मला चांगलं माहीत आहे. ब्याऐंशी साली मंचरच्या एका हॉटेलात एकजण, ज्यांची जयंती आम्ही करतो त्यांच्या नावावरून काहीतरी चावट बोलला होता. मी त्याच्या टेबलावर रंगाचा डबा ओतला होता, आणि मला धरून बाहेर काढणारा तूच होतास. बाहेर आल्यावर तू म्हणाला होतास, बरं केलंस. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली.

भिमाजी, मी तुमच्या दगडापुढे हात जोडणार नाही, ते तुला माहीत आहे आणि तू कधी जोडायला सांगितलंही नाहीस. आमच्या बाबांनी छप्पन्न साली घरातले देव काढले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पण देव न मानणं वेगळं आणि दुसऱ्याच्या देवावर चहा उकळणं वेगळं. सव्वा वर्ष मी रात्रंदिवस पळण्याचा हिशेब करत बसलो. माझी लाज मला एवढी मोठी दिसत होती, की तुझं दुखणं तिसरीकडेच आहे हे दिसलंच नाही. लाजेतसुद्धा माणूस स्वतःचंच तोंड बघतो.

बेल्ह्यात पसरवलं ते बेल्ह्यातच जाऊन निस्तरतो. बाजाराच्या दिवशी.

नाना


पिंपळवंडी,
२ जुलै २००२

भिमाजी,

काल बेल्ह्याला गेलो. मे-जूनमध्ये पाच सोमवार गेले आणि पाचही वेळा मला काही ना काही काम निघालं. काल काम असूनही गेलो.

सकाळचे दहा. बैलांचा बाजार भरात होता, टेम्पो लागले होते. चहाच्या टपरीवर गेणभाऊ आणि त्याच्यासोबतचे सात-आठ व्यापारी बसलेले. मला बघितल्याबरोबर एकाने बाकड्यावर जागा केली आणि दुसरा ओरडला की नाना, विडी टाका, बाबा आला. सगळे हसले. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. आमचा म्हातारा त्या दिवशी जुन्नरला होता. भिमाजी काय म्हणाला ते मला कळलं होतं. बिबट्या मी आधी बघितला होता. भिमाजीने मला जवळ बोलावलं आणि मी त्याला टाकून पळालो. आणि ते नाव त्या लोकांच्या देवाचं आहे, ते माझ्यामुळे तुमच्या तोंडी आलं, तर आजपासून घेऊ नका, मी पाया पडतो.

इतकं नीट नाही बोललो. मधे चहावाल्याने पाणी दिलं.

दोघं उठून बैलांकडे गेले. मला वाटलं, आता कुणीतरी तोंडावर थुंकेल, आणि थुंकला तर पुसायचं नाही असं ठरवून मी उभा होतो. गेणभाऊने बशी खाली ठेवली. तो मनाचा वाईट नाही. म्हणाला, "नाना, खरं सांगू का, राव? ती आधीची गोष्ट चांगली व्हती."

आणि हसले सगळे. मला हसले नाहीत, गेणभाऊला हसले. विषय बैलांवर गेला. मी अजून तिथेच होतो, तेवढ्यात मागच्या बाजूला कुणीतरी नव्या माणसाला सांगायला लागलेलं ऐकलं. विडीपासून. माझ्याच शब्दांत, माझ्याच हातवाऱ्यांनी.

ती गोष्ट आता माझ्याकडे राहिलेली नाही, भिमाजी. मी ती इतकी चांगली सांगितली, की मी परत मागितली तरी लोक देत नाहीत. मी मेल्यावरही ती तुझ्या नावामागे बाजारात फिरेल. हाताचं बिबट्याने केलं. हे मी केलं.

दर सोमवारी जाऊन सांगणार आहे. दुसरं काही सुचत नाही.

नाना


पिंपळवंडी,
१८ जुलै २००२

भिमाजी,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. पत्ता डाव्या हाताचा आहे, हे पोस्टमनलाही कळलं. तो म्हणाला, कुणा पोराचं दिसतंय. मी शेडमध्ये जाऊन वाचलं.

"सोमवारी बेल्ह्याला मी येतो. तू अर्धीच सांगतोस. तू पळाल्यावर पुढं काय झालं ते तुला कुठं म्हाईत? ते मी सांगतो."

मी खाली बसलो, भिमाजी. सहा पत्रं लिहिली मी तुला. माझी विडी लिहिली, माझी भीती लिहिली, तो मला कसा दिसला ते लिहिलं, माझे पाय, माझी लाज. हात कसा आहे, बोटं वळतात का, विचारलं. मी गेल्यावर तिथे तुझ्यावर काय गुदरलं, तू किती वेळ एकटा होतास, त्याला कशाने हाकललंस, हे एकदाही विचारलं नाही. तोंडावर नाही, कागदावर नाही, मनातसुद्धा नाही. डांबरी रस्त्याला लागलो तिथेच माझी गोष्ट संपत होती.

फुलाला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, त्यांना ऐकताना मधे बोलू नका.

आठच्या एसटीने आलास तर साडेदहापर्यंत पोचशील. मी बेल्ह्याच्या फाट्यावर उभा असेन. तू उतरेपर्यंत तिथून हलत नाही.

नाना